विश्लेषण : हजार पुड्या, वजन एकच! ‘भारतीय एडिसन’ शंकर आबाजी भिसे यांनी कोणते कोडे सोडवले होते?

मुलुंड असो वा बोरिवली, वाण्याच्या दुकानात आता साखर, रवा, मीठ, हळद बंद पाकिटातच मिळते. पाकिटावर छापलेले वजन कोणी घरी येऊन तपासत नाही. पण सुटी पूड यंत्राने मोजायची, प्रत्येक खेपेला तेवढीच मोजायची आणि मध्ये माणसाचा हात लागू द्यायचा नाही, हे दिसते तितके सोपे नाही. बंदुकीच्या काडतुसात दारू भरणाऱ्यांपुढेही नेमका हाच प्रश्न असतो. फरक इतकाच, की तिथे माप चुकले तर ग्राहकाचे दोन पैसे नव्हे, नेमबाजाचा डोळा जाऊ शकतो. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या एका सरकारी कचेरीतील मराठी कारकुनाने या प्रश्नाचे उत्तर कागदावर मांडले आणि लंडनमधील स्पर्धा जिंकली. शंकर आबाजी भिसे हे त्यांचे नाव.

भिसे कोण होते?

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. त्याच महिन्यात, १२ एप्रिलला, विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी धावली होती. त्या काळच्या नोंदींत बोरिवली ‘बेरेवला’ होते, गोरेगाव ‘पहाडी’ आणि अंधेरी ‘अंदारू’. आज ज्या पट्ट्यात लाखो माणसे राहतात तिथे तेव्हा भातखाचरे, मिठागरे आणि ताडामाडाच्या वाड्या होत्या. मुंबईची उपनगरी गाडी आणि हा संशोधक जवळजवळ एकाच वयाचे. पुढे तरुण भिसे यांनी ज्या कल्पनांवर डोके चालवले, त्यांत या गाड्यांसाठी स्थानक दाखवणारे दर्शक यंत्रही होते. लोकलच्या डब्यात आज लाल अक्षरांत स्थानकाचे नाव सरकताना दिसते. त्याची गरज एका मुंबईकराला एकोणिसाव्या शतकातच जाणवली होती.

त्यांनी विज्ञानाचे किंवा अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली ती १८८७ मध्ये, म्हणजे भिसे वीस वर्षांचे असताना. त्याआधीच, चौदाव्या वर्षी, त्यांनी घरी दगडी कोळशापासून वायू तयार करण्याचे उपकरण बनवले होते. पोटासाठी मात्र त्यांनी अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी धरली. दिवसभर आकडेमोड आणि संध्याकाळी स्वतःचे प्रयोग, असा त्यांचा क्रम होता. भेसळ करता येणार नाही अशी बाटली, विजेची सायकल, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत एका वस्तूची दुसरी वस्तू झाल्याचा भास घडवणारे दृष्टिभ्रमाचे खेळ, असे त्यांचे नाना उद्योग चालत. मुंबईत त्यांनी विज्ञानप्रेमींचे एक मंडळ काढले. विज्ञान आणि कलाकौशल्य मराठीतून लोकांपर्यंत पोहोचावे म्हणून ‘विविध कला प्रकाश’ हे नियतकालिकही सुरू केले. नावे मोठी नव्हती, पैसा तर त्याहून कमी होता. पण शिकवणारा कोणी नसताना ज्याला शिकायचे आहे, त्याने काय करावे याचा हा चांगला नमुना होता.

स्पर्धा नेमकी कशाची होती?

लंडनहून ‘इन्व्हेंटर्स रिव्ह्यू अँड सायंटिफिक रेकॉर्ड’ नावाचे नियतकालिक निघत असे. १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने एक स्पर्धा जाहीर केली. पीठ, साखर यांसारखा सुटा किराणा मोठ्या साठ्यातून आपोआप ठरावीक वजनाने मोजून देणारे यंत्र सुचवायचे होते. भिसे यांनी मुंबईतून आराखडा पाठवला आणि ब्रिटिश स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस पटकावले.

स्वयंचलित वजन ही कल्पना तेव्हा नवी नव्हती, हे इथे सांगायला हवे. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर विल्यम कॉटन यांनी १८४० च्या दशकातच सोन्याची नाणी एकेक करून तोलणारे आणि हलकी नाणी बाजूला काढणारे यंत्र बनवले होते. जर्मनीत १८८० च्या दशकात धान्य आपोआप तोलणारे मोठे काटे आले होते. पण नाणे ही मुळात एक अखंड वस्तू आहे. यंत्राने ते तोलायचे आणि हलके की भारी एवढेच सांगायचे. गोदामातील धान्याच्या काट्यावर मूठभर दाणे इकडेतिकडे झाले तरी मणामागे फार फरक पडत नाही. किराणा दुकानाचा प्रश्न या दोहोंच्या मध्ये अडकलेला होता. माल सुटा, वजन लहान, गिऱ्हाईक समोर उभे आणि दर पुडीला तोच अचूकपणा हवा. भिसे यांनी हात घातला तो या अडचणीच्या जागी.

पूड मोजणे इतके अवघड का?

महाराष्ट्रातील जुन्या घरांत धान्य वजनाने नव्हे, मापाने मोजत. पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे ही ती मापे. आणि माप म्हटले की भांडण आलेच. माप शिगोशीग भरायचे की काठाला फळी फिरवून सपाट करायचे? भरताना माप आपटायचे का? आपटले तर दाणे खाली बसतात आणि तेवढ्याच मापात जास्त धान्य मावते. देणारा अलगद ओतणार आणि घेणारा माप हलवून घेणार, ही नुसती लबाडी नव्हे. त्यामागे पदार्थविज्ञान आहे. सुट्या पदार्थात दाण्यांच्या मधे हवा असते. ती किती, हे दाण्याचा आकार, ओल, ओतण्याची उंची आणि बसलेले धक्के यांवर ठरते. पिठाचे तर विचारूच नका. चाळून ओतलेले पीठ आणि डब्यात दाबून बसलेले पीठ यांच्या एकाच वाटीत मोठा फरक निघतो.

मग मापाऐवजी तराजू घ्यावा, तर तिथे वेगळी अडचण. समजा, वरच्या नरसाळ्यातून साखर पारड्यात पडते आहे. काटा बरोबर मधोमध आला आणि त्या क्षणी झडप बंद झाली. पण झडप आणि पारडे यांच्या मधल्या हवेत जी धार आहे ती तर खाली येणारच. शिवाय पडणारी साखर पारड्याला नुसते वजन देत नाही, ठोकाही देते. त्यामुळे काटा खऱ्या वजनाआधीच झुकतो. तराजू जितका नाजूक तितका तो डोलत राहतो, आणि तो स्थिर होण्याची वाट पाहावी तर गिऱ्हाइकांची रांग लागते.

यावरचा तोडगा जगभरच्या वाण्यांना आणि सोनारांना ठाऊक होता. आधी भसकन ओतायचे, वजन जवळ आले की हात आवरायचा आणि शेवटी चिमटीने थोडे थोडे सोडायचे. यंत्रातही हेच करावे लागते. आधी मोठी धार, मग बारीक धार आणि हवेतल्या मालाचा हिशेब धरून झडप थोडी आधी बंद. वाण्याच्या बोटांत असलेले हे शहाणपण लोखंडाच्या दांड्यांत, झडपांत आणि प्रतिवजनांत उतरवायचे, असे ते काम होते. विजेचे संवेदक तेव्हा नव्हते.

नरसाळ्यातून पूड वाहते कशी, हेसुद्धा त्याच सुमारास समजू लागले होते. टाकीतील पाण्याची उंची वाढली की तळाचा दाब वाढत जातो. धान्याच्या कोठारात तसे होत नाही. ठरावीक उंचीनंतर वरचा भार भिंती झेलतात आणि तळावरचा दाब जवळपास तेवढाच राहतो, हे जर्मन अभियंता यान्सेन यांनी १८९५ मध्ये दाखवले. म्हणून तर वाळूच्या घड्याळातली वाळू शेवटपर्यंत साधारण एकाच वेगाने पडते. मात्र हा नियम कोरड्या, मोकळ्या दाण्यांचा. मुंबईच्या जुलैतील दमट हवेत मीठ, पिठीसाखर, गुळाची पूड यांचे गठ्ठे होतात, नरसाळ्याच्या तोंडाशी कमान धरली जाते आणि धार अचानक थांबते. नरसाळ्यावर टिचकी मारावी, तर एकदम जास्त माल कोसळतो.

काडतुसात हाच प्रश्न कसा येतो?

काडतुसाचे चार भाग असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की गोळी जाते, टोपी आणि दारू संपते, पण पुंगळी उरते. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियात परवानगी असलेले अनेक नेमबाज ही पुंगळी साफ करून, मूळ आकारात आणून पुन्हा भरतात. यातले कळीचे काम म्हणजे प्रत्येक पुंगळीत दारू अगदी सारखी घालणे.

इथे वापरतात ते एकक मराठी माणसाला परके नाही. दारूचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. ब्रिटिश अमदानीतील चांदीचा रुपया बरोबर १८० ग्रेनचा होता आणि तोच सरकारी तोळा. शहाण्णव गुंजांचा तोळा धरला तर एक गुंज पावणेदोन ग्रेनहून किंचित जास्त भरते. काडतुसे भरणाऱ्यांचे तराजू साधारणपणे एक दशांश ग्रेनपर्यंत मोजतात, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिग्रॅम. गुंजेचे जवळपास एकोणीस भाग करून त्यातला एक मोजण्याइतके हे बारीक काम आहे.

दारू मोजण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्या म्हणजे पुन्हा आपली पायली आणि आपला तराजू. पहिल्या पद्धतीत दांडा फिरवला की नरसाळ्यातली दारू एका पोकळीत भरते आणि दांडा उलटा फिरवला की पुंगळीत पडते. हे झटपट होते, पण मोजले जाते ते आकारमान, वजन नव्हे. दारूचे दाणे गोल असतील तर पोकळी दर वेळी सारखी भरते. दाणे शेवयांच्या तुकड्यांसारखे लांबट असतील तर ते आडवेतिडवे अडकतात, फिरणाऱ्या कडेखाली कापले जातात आणि माप कमीजास्त होते. म्हणून अनुभवी माणसे नरसाळे नेहमी ठरावीक पातळीपर्यंत भरलेले ठेवतात, दांडा दर खेपेला त्याच वेगाने आणि त्याच जोराने फिरवतात आणि सुरुवातीची काही मापे परत नरसाळ्यात ओततात. दारू नीट बसल्याशिवाय माप स्थिर होत नाही. माप आपटायचे तर दर वेळी सारखेच आपटायचे. पायलीचा जुना वाद इथे असा मिटतो.

दुसऱ्या पद्धतीत माप मुद्दाम थोडे कमी टाकतात आणि तराजूवर ठेवून उरलेली दारू दाण्यादाण्याने सोडतात. वाण्याच्या चिमटीचेच काम, फक्त ते बारीक नळी फिरवून होते. वेळ लागतो, पण वजन खरे येते. अर्थात तराजू खरा असेल तर. डोक्यावरचा पंखा, उघडी खिडकी, टेबलाला बसलेला धक्का, इलेक्ट्रॉनिक काट्याचा तापमानानुसार सरकणारा शून्य, कोरड्या हवेत प्लॅस्टिकला चिकटणारे दाणे, या सगळ्यांची नोंद साडेसहा मिलिग्रॅमच्या हिशेबात होते. म्हणून ठरावीक अंतराने ज्ञात वजन ठेवून काटा तपासणे हा या कामातला पहिला धडा मानतात.

इतका आटापिटा कशासाठी? पिस्तुलाच्या काडतुसात दारू पाच ग्रेनच्या आसपास असू शकते, मोठ्या रायफलच्या काडतुसात चाळीसच्या आसपास. तीन दशांश ग्रेनची चूक रायफलमध्ये एक टक्क्याहून कमी भरते, पिस्तुलात मात्र सहा टक्के. दारू कमी पडली तर गोळी सावकाश जाते आणि लांबच्या लक्ष्यावर खाली लागते. दारू जास्त झाली तर नळीतील दाब वाढतो, आणि तो दारूच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याहून झपाट्याने वाढतो. जुन्या काळ्या दारूच्या जमान्यात शिंगाच्या मापाने भागत असे. ती दारू जागा अडवी आणि जोर मर्यादित देई. फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये धूरविरहित दारू शोधल्यावर चित्र पालटले. थोड्या दारूत मोठा जोर आला आणि पुंगळी अर्धी रिकामी राहू लागली. एकाच पुंगळीत नजरचुकीने दोनदा दारू पडली तरी ती बाहेरून कळत नाही, म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड टाकून आत पाहण्याची शिस्त आली.

भिसे यांनी काडतुसांसाठी यंत्र केले नव्हते. त्यांच्यापुढे पीठ आणि साखर होती. पण मोठ्या साठ्यातून लहान, सारखे माप आपोआप काढायचे हा प्रश्न पिठाचा असो की दारूचा, त्याचे अंतरंग एकच आहे.

भारतात घरी काडतुसे भरता येतात का?

परवान्याशिवाय नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने सरकारी कारखान्यांचे राहिले. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे भिसे यांच्याहून दोनच वर्षांनी लहान. ऑलिम्पिकमधील पन्नास मीटर रायफलची गोष्ट आणखी निराळी. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातील पॉइंट टू-टू काडतुसांत पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या कडेतच असते. ती पुन्हा भरण्याजोगी नसतात. मग नेमबाज काय करतात, तर वेगवेगळ्या खेपांची काडतुसे आपल्याच रायफलमधून उडवून पाहतात आणि ज्या खेपेचे माप सर्वांत सारखे निघाले ती खेप विकत घेतात.

बक्षीस मिळाल्यावर पुढे काय झाले?

त्या यशाने भिसे यांना इंग्लंडची वाट दाखवली. मुंबईतील काही प्रतिष्ठितांचा पाठिंबा आणि काँग्रेसचे नेते दिनशा वाच्छा यांचे दादाभाई नौरोजी यांच्या नावचे पत्र घेऊन ते शतक सरता सरता लंडनला गेले. दादाभाई म्हणजे १८९२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेले पहिले भारतीय. भारतातून इंग्लंडकडे वाहणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडणाऱ्या या वृद्ध नेत्याने एका मराठी कारागिराच्या यंत्रांत रस घ्यावा, यात नवल नाही. भारतीय माणूस हिशेब ठेवतो तसा शोधही लावतो, हे दाखवण्याची ती संधी होती. दादाभाईंनी त्यांना आधार दिला, ओळखी करून दिल्या आणि व्यवहाराच्या चार गोष्टीही सांगितल्या.

लंडनमध्ये भिसे थांबले नाहीत. विजेवर चालणारा जाहिरातफलक त्यांनी केला आणि तो क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकला. स्वयंपाकघरातली उपकरणे, दूरध्वनी, डोकेदुखीवरचे साधन, आपोआप पाणी सोडणारे शौचकूप अशी यादी वाढत गेली. यादी पाहिली की कौतुक वाटते आणि थोडी हळहळही. एकाच गोष्टीमागे दहा वर्षे लागायला पदरी पैसा असावा लागतो. तो नसला की संशोधक दर सहा महिन्यांनी नव्या कल्पनेच्या पाठी धावतो. लोकांनी त्यांना ‘भारतीय एडिसन’ म्हटले खरे, पण एडिसनपाशी स्वतःची प्रयोगशाळा, पगारी कारागीर आणि न्यू यॉर्कचे भांडवलदार होते. भिसे यांच्यापाशी ओळखपत्रे होती.

मिनिटाला १२०० खिळे म्हणजे काय?

ज्या एका शोधामागे ते खरोखर चिकाटीने लागले, तो छपाईचा. त्या काळी पुस्तक छापायचे तर शिसे, कथील आणि अँटिमनीच्या मिश्रधातूचे खिळे ओतावे लागत. एकेका खिळ्यावर एकेक अक्षर. इंग्रजीचे एक वेळ निभते, पण देवनागरीत काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून शेकडो वेगवेगळे खिळे लागतात. मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने १८६९ पासून सुबक देवनागरी खिळ्यांचा दबदबा निर्माण केला होता. खिळ्यांच्या या शहरातून आलेल्या माणसाला ओतकामाचे महत्त्व सांगावे लागत नव्हते.

प्रचलित यंत्रे मिनिटाला साधारण दीडशे खिळे ओतत. भिसे यांच्या ‘भिसोटाइप’ यंत्राचा वेग मिनिटाला १२०० सांगितला गेला, म्हणजे सेकंदाला वीस. बारकाईने पाहिले तर हा प्रश्नही मापाचाच आहे. प्रत्येक साच्यात वितळलेला धातू तेवढाच जायला हवा. कमी गेला तर खिळा पोकळ निघतो. जास्त दाबाने गेला तर कडेला पाती फुटतात. उंचीत केसाइतका फरक पडला तर ते अक्षर कागदावर उमटत नाही किंवा कागद फाडते. किराणा तोलण्यात चूक झाली तर पुडी परत करता येते. सेकंदाला वीस खिळे ओतताना चूक दुरुस्त करायला वेळच उरत नाही. छपाईच्या धंद्यातील जाणकारांचा या वेगावर विश्वास बसत नव्हता, यात त्यांचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही.

पैसा कुठे अडला?

यंत्र बाजारात आणायला मोठे भांडवल हवे होते. इंग्लंडमधील समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांनी ते उभारण्याची खटपट केली, पण जमले नाही. भांडवलशाहीचा कट्टर विरोधक भांडवल गोळा करायला निघाला होता, ही गंमत तेव्हाही कुणाच्या नजरेतून सुटली नसावी. निराश भिसे १९०८ च्या अखेरीस मुंबईला परतायला निघाले आणि बोटीवर त्यांची गाठ गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी पडली. गोखले यांनी त्यांच्यासाठी रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला. हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे पुत्र. गोखले यांच्या भारत सेवक समाजाला आणि दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या लढ्याला मदत करणारे तेच. त्यांच्या पैशातून १९१० च्या सुमारास लंडनमध्ये टाटा-भिसे यांची संशोधन कंपनी उभी राहिली.

ती टिकली असती तर छपाईच्या इतिहासात एक मराठी नाव ठळक झाले असते. पण १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. इंग्लंडमधील कारखाने लढाईच्या कामाला जुंपले गेले, आणि त्या कामात मोठा वाटा अर्थातच काडतुसे आणि तोफगोळे भरण्याचा होता. खिळे ओतणाऱ्या नव्या यंत्राकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. कंपनी गुंडाळली गेली. परकीयांनी भिसे यांना दाबले, असे सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पारतंत्र्याचा तोटा त्यांना झाला, हे खरेच. मात्र त्यांच्या वाटेतली धोंड रोजची आणि साधी होती. यंत्र कागदावर सिद्ध होणे आणि ते कारखान्यात हजारोंनी बनणे यांच्यामधला खर्च उचलणारे कोणी फार काळ टिकले नाही.

अमेरिकेत काय घडले?

१९१६ च्या सुमारास भिसे न्यू यॉर्कला गेले. तिथे खिळे ओतणाऱ्या यंत्राला गिऱ्हाईक मिळाले, सुधारित यंत्र निघाले आणि त्यांच्या नावाची कंपनीही झाली. पैसा मात्र हाती लागला तो अनपेक्षित बाजूने. आयोडीनवर आधारलेले ‘अॅटोमिडीन’ नावाचे औषध त्यांनी तयार केले आणि त्याचा अमेरिकेत बऱ्यापैकी प्रसार झाला. इथेही मापाने पाठ सोडली नाही, कारण आयोडीन हे थेंबाच्या हिशेबात घ्यायचे द्रव्य. त्यांच्या नावावर सुमारे दोनशे शोध आणि चाळीस पेटंटे असल्याचे सांगितले जाते.

मागे मुंबईत त्यांच्या लहानपणीची गाडी पुरती बदलत होती. १९२५ मध्ये हार्बर मार्गावर विजेची गाडी आली आणि जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेवर सुरू झाली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही स्थानके गावांची उपनगरे होऊ लागली. स्थानक दर्शक यंत्राची कल्पना करणारा माणूस तेव्हा हडसनकाठी होता.

आज हे काम कसे होते?

साकीनाका, मरोळ, गोरेगावच्या औद्योगिक गाळ्यांत पाकिटे भरणारी यंत्रे जोडणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर आजही भेटतात. दांड्या आणि प्रतिवजनांच्या जागी आता विजेचे संवेदक आले आहेत. पण मोठी धार, बारीक धार आणि हवेतल्या मालाचा हिशेब हे तिन्ही कायम आहेत. मसाला, दुधाची भुकटी यांसारखी बारीक पूड मळसूत्री पट्ट्याने ढकलतात. मळसूत्राचे किती फेरे झाले, त्यावर माप ठरते. वेफर्स, फरसाण अशा ओबडधोबड मालासाठी जपानच्या इशिदा कंपनीने १९७२ मध्ये वेगळीच शक्कल काढली. माल एका पारड्यात तोलण्याऐवजी दहा-बारा लहान पारड्यांत थोडा थोडा टाकायचा आणि कोणत्या तीन-चार पारड्यांची बेरीज हव्या त्या वजनाच्या सर्वांत जवळ येते ते यंत्राने शोधायचे. प्रत्येक पारडे अचूक भरण्याचा हट्टच सोडून दिला.

कायदासुद्धा परिपूर्णतेची अपेक्षा धरत नाही. पाकीटबंद वस्तूंसाठीच्या २०११ च्या वैध मापन नियमांनुसार एक किलोच्या पाकिटात कमाल १५ ग्रॅमची तूट चालते. शंभर ग्रॅमला साडेचार ग्रॅम. मात्र तपासलेल्या नमुन्यांची सरासरी छापील वजनापेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे एखादे पाकीट हलके निघाले तर ते चूक. सगळीच थोडी हलकी निघाली तर ती फसवणूक. वजन कमी वाटल्यास ग्राहकाला राज्याच्या वैध मापन विभागाकडे तक्रार करता येते. दुकानदाराचा काटा पडताळणीचा शिक्का असलेला हवा, हेही याच विभागाचे काम.

एडिसन यांची भेट झाली का?

झाली, पण उशिरा. १९३० मध्ये भिसे आणि थॉमस एडिसन अमेरिकेत भेटले. एडिसन तेव्हा ८३ वर्षांचे होते आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३१ मध्ये, त्यांचे निधन झाले. भिसे यांच्यापाशीही फार वर्षे उरली नव्हती. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यू यॉर्कमध्ये, अडुसष्टावा वाढदिवस बावीस दिवसांवर असताना, त्यांनी जगाचा निरोप घेतला.